मुंबई ते लंडन : दोऱ्याची वाट आणि परवान्याची वाट

साताऱ्याच्या माणसाला पुणे किती लांब आहे असे विचारले, तर तो सहसा मैल सांगत नाही. ‘अडीच-तीन तास,’ असे तो म्हणतो. एस.टी. गाडी घाटात अडकली तर पुणे लांब जाते आणि रस्ता मोकळा असला तर जवळ येते, हे त्याने अनुभवाने ओळखलेले असते. भूगोलाच्या मास्तरांना हे उत्तर रुचणार नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते फार उपयोगाचे आहे. कारण माणसे मैलांनी प्रवास करीत नाहीत, दिवसांनी आणि तासांनी करतात. आजच्या या विवेचनासाठी मी मुंबई आणि लंडन ही दोन शहरे घेतली आहेत. यांच्यामधले अंतर आपल्या गेल्या तीन-चारशे वर्षांच्या इतिहासात जितके बोलले आहे तितके दुसऱ्या कोणत्याही दोन शहरांमधले बोललेले नाही. आपले राज्य कोणाकडे राहील, आपल्या अर्जावर कोण सही करील, आपला मुलगा परीक्षेला वेळेवर पोहोचेल की नाही, हे सारे या अंतरावर अवलंबून होते.

प्रथम अंतराचा प्रश्न निकालात काढू. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्यावा, त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे लंडनवर धरून तो ताणावा. ताणलेला दोरा गोलावरची सर्वांत जवळची वाट आपोआप शोधतो. ही वाट भरते सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ४,५०० मैल. आता दोरा कोठून गेला ते पाहा. मुंबईहून तो सौराष्ट्रावरून वायव्येस निघतो, कराचीच्या अगदी शेजारून जातो, इराण तिरपा ओलांडून तेहरानच्या उत्तरेला कास्पियन समुद्राचा काठ धरतो, आणि बरोबर निम्म्या वाटेवर तिफ्लिस, म्हणजे आजचे त्बिलिसी, याच्या जवळ येतो. पुढे क्रिमियाचे पूर्व टोक, ओडेसाचा परिसर, पोलंडचा दक्षिण भाग, जर्मनी आणि मग लंडन. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती निराळीच निघते. ती इराणच्या आखाताच्या तोंडाशी लागते आणि बगदाद, सिरिया, बाल्कन, आल्प्स अशी जाते. नकाशा सपाट करताना पृथ्वी ताणावी लागते, म्हणून हा फरक. पट्टीची वाट दोऱ्याच्या वाटेपेक्षा दोनेकशे किलोमीटर लांब पडते, यापलीकडे काही नाही.

या दोन वाटा श्रोत्यांनी ध्यानात ठेवाव्यात. एकीला दोऱ्याची वाट म्हणू आणि दुसरीला पट्टीची. माणूस मुंबईहून लंडनला जाऊ लागला तेव्हापासून कित्येक शतके त्याला या दोहोंपैकी एकही वाट मिळाली नाही. ती का मिळाली नाही, केव्हा मिळाली आणि मिळालेली हातची कशी निसटली, हाच आजचा विषय आहे.

पहिली वाट आफ्रिकेला वळसा घालून होती. ईस्ट इंडिया कंपनीचे ‘हेक्टर’ हे जहाज १६०७ च्या वसंतात इंग्लंडहून निघाले आणि १६०८ च्या ऑगस्टात सुरतेच्या बाऱ्यावर लागले. जवळजवळ दीड वर्ष! मध्ये ठिकठिकाणी थांबून व्यापार पाहत ते आले हे खरे. पण पुढे जहाजे सुधारली, वाऱ्यांचे वेळापत्रक पाठ झाले, तरीही चार ते सहा महिने हा हिशेब अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सुटला नाही. समुद्राने हे अंतर सुमारे १०,७०० सागरी मैल भरे. पत्र पाठवून उत्तर यायचे तर वर्ष धरावे लागे.

या वर्षाचा अर्थ मराठी माणसाला फार लवकर कळला. राघोबादादांनी पुण्याच्या गादीसाठी इंग्रजांचा पदर धरला हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांनी आपला वकील थेट लंडनला पाठविला होता, हे तितकेसे सांगितले जात नाही. १७८१ साली हणमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ, मणियार रतनजी आणि त्यांचा मुलगा या दोन पारशांसह लंडनला पोहोचले. तेथे सोवळ्याओवळ्याची पंचाईत झाली. तेव्हा पार्लमेंटातले प्रसिद्ध वक्ते एडमंड बर्क यांनी आपल्या गावच्या बागेतील काचघर त्यांना दिले. तेथे त्यांनी आपल्या पद्धतीने स्वयंपाक करावा अशी सोय केली. बर्कच्या चरित्रातला हा लहानसा प्रसंग मला मोठा हृद्य वाटतो. पण ज्या कामासाठी हे लोक गेले त्याचे काय झाले? लंडनहून हणमंतराव फारसे काही न मिळवता निघाले. आणि १७८२ च्या मे महिन्यात साल्बाईचा तह होऊन राघोबांना पाठिंबा द्यावयाचा नाही हे इंग्रजांनी येथल्या येथेच कबूल केले. वकिलाचा प्रवास एका गतीने चालला होता आणि राजकारण दुसऱ्या गतीने.

यानंतर वाफ आली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुटली आणि २२ एप्रिलला सुएझला पोहोचली. तेहतीस दिवसांच्या या सफरीत यंत्र चालले ते एकवीस दिवस. बाकीचे बारा दिवस गेले कोळसा भरण्यात. बोटीत कोळसा ठेवण्याची जागा इतकी अपुरी होती की, डेकवर नि जेथे सापडेल तेथे तो रचून ती निघाली होती, आणि एडनला पोहोचेतो तो संपत आला होता. शिवाय एडनला, जेद्दाला हा कोळसा आधी शिडाच्या जहाजांनी नेऊन ठेवावा लागे! वाफेने वारा जिंकला खरा, पण तो वाऱ्याचेच उसने घेऊन.

कोळशाची ही गोष्ट क्षुल्लक नाही. १८३९ च्या जानेवारीत कंपनीने एडन जिंकून घेतले, त्याचे एक मोठे कारण हा कोळसाच होय. पुढे जवळजवळ शंभर वर्षे एडन मुंबई इलाख्याचा भाग म्हणून नांदले. मुंबईच्या गव्हर्नराची हुकमत अरबस्तानच्या टोकापर्यंत जाते, याचे शाळेतील मुलांना नवल वाटे. पण आगबोटीच्या पोटात किती दिवसांचा कोळसा मावतो हे कळले की नवल संपते. प्रवासाचा वेळ कमी करावयाचा तर मधली ठाणी आपली हवीत, हा धडा इंग्रजांनी येथे घेतला. तो पुढे विमानांच्या काळात त्यांना पुन्हा गिरवावा लागला.

सुएझला उतरून वाळवंट ओलांडायचे, अलेक्झांड्रियाला पुन्हा जहाज धरायचे, अशी ही नवी वाट. टॉमस वॅगहॉर्न नावाच्या एका खटपट्या दर्यावर्दी माणसाने तिचा पाठपुरावा केला. टपाल महिना-दीड महिन्यात पोहोचू लागले. सहा महिन्यांचा दीड महिना झाला! मग न्यायही चौपट वेगाने मिळू लागला असेल, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर साताऱ्याच्या इतिहासात आहे, आणि येथे मला थोडे रेंगाळले पाहिजे.

छत्रपती प्रतापसिंह महाराजांना १८३९ च्या सप्टेंबरात गादीवरून काढून काशीला पाठविण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. १८४० पासून १८५३ पर्यंत हे गृहस्थ तेथे राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभांत ते बोलले, अर्ज छापून वाटले, कर्ज काढले, थंडी सोसली. त्यांची पत्रे काशीला जात आणि काशीची लंडनला येत. जी वाट राघोबांच्या वकिलाला सहा महिने लागली ती या पत्रांना दीड-दोन महिने लागे. पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही ते नाहीच. १८४७ च्या ऑक्टोबरात महाराज काशीत वारले. आपण ज्यांच्यासाठी भांडत आहोत ते या जगात नाहीत, ही गोष्ट रंगो बापूजींना कळायलाही आठवडे गेले असतील. त्या आठवड्यांत त्यांनी आणखी किती दारे ठोठावली असतील, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १८४८ रोजी, गादीवरचे शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज निवर्तले. त्यांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला होता. हा दत्तक मान्य करायचा की राज्य खालसा करायचे, असा प्रश्न लंडनला गेला. टपालाला दीड महिना जाण्याचा आणि दीड महिना येण्याचा धरला तर तीन महिन्यांत निकाल यावयास हवा होता. संचालकांनी निकालाचे पत्र लिहिले ते १८४९ च्या जानेवारीत. म्हणजे मृत्यूनंतर नऊ महिन्यांनी! यातले वाटेतले महिने वजा केले तर उरलेला सारा वेळ टेबलावरचा आहे. आगबोटीने समुद्र लहान केला. कचेरीतील मेज तेवढेच लांबरुंद राहिले. रंगो बापूजी १८५३ साली हात हलवीत परतले. १८५७ च्या धामधुमीत त्यांचा मुलगा सीताराम याला साताऱ्यात फाशी झाली आणि रंगो बापूजी स्वतः परागंदा झाले ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

सुएझचा कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी उघडला आणि समुद्रमार्ग सुमारे ६,२०० सागरी मैलांवर आला. कालव्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी त्यावर वेळ घालवीत नाही. त्याच सुमारास घडलेली दुसरी गोष्ट मला अधिक लक्षणीय वाटते. १८७० च्या आरंभी जर्मनीच्या सीमेन्स बंधूंनी उभारलेली तारेची मोठी लाइन सुरू झाली. लंडनहून समुद्राखालून एम्डेन, मग बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, केर्च, तिफ्लिस, तब्रीझ आणि तेहरान. तेथून पुढे सरकारी तारांनी बुशायर आणि कराची. ही नावे ऐकून श्रोत्यांना काही आठवले असेल. ही आपल्या दोऱ्याचीच वाट! गोलावर दोरा ताणला असता तो ज्या केर्चवरून आणि तिफ्लिसवरून जातो, तेथेच सीमेन्स यांनी खांब रोवले. याला प्रशिया, रशिया आणि इराण या तीन दरबारांची संमती लागली. ती मिळाली, म्हणून लंडनचा शब्द काही मिनिटांत हिंदुस्थानात येऊ लागला. त्याच वर्षी जूनमध्ये एडनमार्गे समुद्राखालची तारही मुंबईला जोडली गेली.

म्हणजे १८७० सालापासून बातमी मिनिटांत, पत्र तीन आठवड्यांत, आणि माणूस पत्राबरोबर किंवा त्याच्याही मागून, अशी स्थिती झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी टपालबोट आणि युरोपातली आगगाडी यांची सांगड घालून हे तीन आठवडे दोनांवर आले. पण पत्राला पारपत्र लागत नाही, माणसाला लागते. १९१८ च्या एप्रिलात लोकमान्य टिळक आपल्या सहकाऱ्यांसह विलायतेला निघाले असता कोलंबोत त्यांची पारपत्रे रद्द करण्यात आली आणि त्यांना मागे फिरावे लागले. पुढे चिरोलसाहेबांवरील खटल्यासाठी सप्टेंबरात त्यांनी मुंबई सोडली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ते लंडनला पोहोचले. टिळकांना लंडन एप्रिलात किती लांब होते? याचे उत्तर कोणत्याही गोलावर मोजून मिळणार नाही.

आता आपण आकाशात येऊ. येथे तरी वाट सरळ असावी, अशी आपली भाबडी समजूत असते. आकाशात डोंगर नाहीत, कालवे नाहीत, कोळशाची ठाणी नाहीत. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडन–कराची ही नियमित हवाई सेवा सुरू केली, तिचा कार्यक्रम पाहण्यासारखा आहे. लंडनहून बाझेलपर्यंत विमान. बाझेलहून जिनोआपर्यंत आगगाडी! इटलीच्या सरकारशी परवान्याचे जुळले नाही, म्हणून हवाई प्रवाशाला आल्प्सखालच्या बोगद्यांतून जावे लागे. जिनोआहून पाण्यावर उतरणारे विमान अलेक्झांड्रियापर्यंत; तेथून जमिनीवरचे विमान गाझा, बगदाद, बसरा आणि इराणच्या किनाऱ्याने बुशायर, लिंगे, जास्क करीत कराचीला. एकूण सात दिवस आणि भाडे १३० पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १,७३३ रुपये. रात्री विमान उडत नसे. प्रवासी जमिनीवर झोपत. ही बहुतांशी आपली पट्टीची वाट होती. दोऱ्याची वाट सोव्हिएत रशियावरून जात होती आणि तिचा विचारही कोणी करीत नव्हते.

पण पट्टीची वाटही टिकली नाही. इराणने दिलेला परवाना मुदतीचा होता. ती संपली तेव्हा आपल्या किनाऱ्यावरून इंग्रजांची विमाने जाऊ देण्यास त्याने नकार दिला. १९३२ च्या ऑक्टोबरात सारी सेवा आखात ओलांडून अरबस्तानच्या बाजूस गेली : कुवेत, बहारीन, शारजा. शारजाला प्रवाशांसाठी गढीसारखी विश्रामवाडी बांधावी लागली. शंभर वर्षांपूर्वी कोळशासाठी एडन शोधले, तसे आता पेट्रोलसाठी शारजा.

आणि मुंबई? साम्राज्याच्या हवाई रस्त्यात मुंबई नव्हतीच. रस्ता कराचीहून जोधपूर, दिल्ली, कलकत्ता असा पूर्वेकडे जाई. ज्या शहराने ‘ह्यू लिंडसे’ आगबोट बांधली, ज्याच्या बंदरावर विलायती टपालाचा दिवस सणासारखा गाजे, ते आकाशयुगात एका बाजूला पडले. ही उणीव भरून काढली ती एका तरुण पारशी वैमानिकाने. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून ‘पस मॉथ’ हे एक इंजिनाचे चिमुकले विमान उडविले. त्यात विलायतेहून आलेले ५५ पौंड टपाल होते. अहमदाबादला उतरले तेव्हा पेट्रोल आले बैलगाडीतून. दुपारी दोनच्या सुमारास ते जुहूच्या मैदानावर टेकले, आणि त्यांचे सहकारी नेव्हिल विन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान भरतीच्या नि पावसाच्या पाण्याने निकामी होई. तेव्हा हे सारे बिऱ्हाड पुण्याला येरवड्याच्या तुरुंगाजवळील माळावर येत असे. पुणेकरांपैकी किती जणांना ठाऊक आहे की हिंदी हवाई टपालाचे पावसाळी ठाणे एके काळी आपल्या येरवड्यास होते! आणखी एक गंमत अशी की, कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत होती. १९३६ साली सिंध वेगळा झाला. टाटांचे पहिले उड्डाण एकाच इलाख्याच्या दोन शहरांमधले होते.

स्वातंत्र्य मिळाले आणि दहा महिन्यांत, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून ३५ प्रवासी घेऊन निघाले आणि कैरो व जिनीव्हा करून १० जूनला लंडनला उतरले. आठवड्यातून एक फेरी. भाडे १,७२० रुपये. १९२९ च्या आकड्याशी हा आकडा ताडून पाहा. सात दिवसांचे दीड झाले, पण रुपये तेवढेच राहिले. वेळ स्वस्त झाला होता, पण सामान्य माणसाला परवडेल इतका नव्हे. कारकुनाचे नि मास्तरांचे पोर पुढेही कित्येक वर्षे बॅलार्ड पिअरवरूनच बोटीने जात होते.

या विमानाची वाट कैरोवरून होती, कारण दोऱ्याच्या वाटेवर सोव्हिएत रशियाचे आकाश बंद होते. म्हणून आल्प्स आले. आणि आल्प्सने आपली किंमत घेतली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनीव्हाला उतरत असता माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि ४८ जण ठार झाले. प्रवाशांत बहुतेक खलाशी होते. विलायतेतल्या बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर रुजू व्हायला ते विमानाने चालले होते. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग त्याच पर्वतावर, त्याच उतरणीवर कोसळले. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. २०१२ च्या ऑगस्टात त्या हिमनदीने भारत सरकारच्या टपालाची एक थैली बाहेर टाकली. आत १९६६ ची वृत्तपत्रे होती. मुंबई–लंडन मार्गावर आजवर सर्वांत उशिरा हाती आलेले टपाल ते हेच असावे : शेहेचाळीस वर्षे.

१९६० च्या एप्रिलात एअर इंडियाची बोइंग ७०७ ही जेट विमाने लंडनला जाऊ लागली. येथे एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. हे विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर जाई. आजचे विमानही जवळजवळ तेवढेच जाते. १८३० पासून १९६० पर्यंत दर पिढीने हा प्रवास निम्म्याने किंवा त्याहूनही कमी केला. त्यानंतर मात्र वेग थांबला. ध्वनीहून जलद जाणारे कॉन्कॉर्ड १९७६ साली लंडनहून बहारीनपर्यंत आले, पण मुंबईला त्याची नियमित सेवा कधी सुरू झाली नाही. ७,२०० ला ९०० ने भागले तर आठ तास येतात. चढणे-उतरणे आणि वरच्या हवेतील पश्चिमेकडून येणारे जोराचे वारे धरून मुंबईहून लंडनला जाण्यास साधारण नऊ-दहा तास लागतात; परत येताना तेच वारे पाठीशी असल्याने तासभर वाचतो. हिवाळ्यात पहाटे दोनला मुंबईहून निघालेला माणूस घड्याळाप्रमाणे सकाळी साडेसहाला लंडनला उतरतो. (घड्याळाचीही एक कथा आहे. मुंबई महापालिकेची घड्याळे कित्येक वर्षे भारतीय प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे, जुन्या ‘मुंबई टाइम’वर चालत. ‘मलबार प्रिन्सेस’ सुटले ते नेमके किती वाजता, हे सांगताना कोणते घड्याळ पाहिले ते विचारावे लागेल.)

सोव्हिएत संघ मोडल्यावर तिफ्लिस, केर्च, ओडेसा ही दोऱ्याच्या वाटेवरची आकाशे व्यापारी विमानांना उघडी झाली. सीमेन्स यांच्या तारांना १८७० साली जी वाट मिळाली ती माणसाला मिळायला सव्वाशे वर्षे लागली. मधले थांबे गळून पडले. तेल एकदाच भरायचे आणि लंडनला उतरायचे. रंगो बापूजींच्या साताऱ्यातील एखादी आजी नातवंडाच्या बारशासाठी शुक्रवारी निघून शनिवारी लंडनला पोहोचू लागली, आणि तिने विमानात काय खाल्ले याचीच काय ती चर्चा घरी होऊ लागली.

ही मोकळीक फार काळ पुरली नाही. २०१४ साली क्रिमियावरचे आकाश धोक्याचे झाले. त्याच वर्षी १७ जुलैला ॲम्स्टरडॅमहून क्वालालंपूरला चाललेले मलेशियाचे प्रवासी विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ जण मेले. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध पेटले तेव्हा युक्रेनचे सारे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. दोऱ्याचा तिकडचा तुकडा असा तुटला. इकडचा तुकडा २०१९ साली बालाकोटनंतर काही महिने तुटला होता. २०२५ च्या एप्रिलात पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना पुन्हा बंद केली, आणि भारतानेही तसेच उत्तर दिले. ही बंदी महिन्यामागून महिना वाढविण्यात आली. जूनमध्ये इराणचे आकाशही काही दिवस मिटले. पाकिस्तानच्या बंदीचा मजकूर नीट वाचला तर ती विमानाच्या वाटेवर नाही, मालकावर आहे. विमान भारतात नोंदलेले किंवा भारतीय कंपनीचे असेल तरच दार बंद. इतर देशांच्या विमानांना त्या बंदीची आडकाठी नव्हती. ज्या कंपनीचा जन्म कराचीहून झाला तिच्याच विमानांना कराचीवरून जाता येईना. १९८२ साली त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. टाटा तसल्याच एका लहान विमानाने कराचीहून जुहूला एकटे आले होते. तेव्हा दोन्ही सरकारांनी परवाना दिला होता, हे येथे मुद्दाम सांगतो.

तेव्हा २०२५ च्या उन्हाळ्यात मुंबईहून लंडनला निघालेला भारतीय वैमानिक काय करी? तो कराचीकडे तोंड न करता अरबी समुद्रावर निघे आणि ओमानच्या अंगाने आखाताकडे वळे. अंतर वाढे, तेल वाढे आणि ते तेल वाहून नेण्यासाठी प्रवासी किंवा माल कमी घ्यावा लागे. १९३२ च्या ऑक्टोबरात इराणने परवाना नाकारला म्हणून शारजाकडे वळलेली वाट आणि ही वाट एकाच नकाशावर दोन रंगांत काढून पाहावी. शारजापासून ओमानचा किनारा काही लांब नाही; दोन्ही रेघा तेथे एकमेकींना येऊन भेटतात.